अकरा मारुती आणि काचेची पाटी

चैत्र शुद्ध नवमीस मध्यान्ही रामजन्माचा पाळणा हलतो आणि सहाच दिवसांनी पौर्णिमेच्या सूर्योदयी हनुमंताचा जन्मसोहळा येतो. या दिवसांत कृष्णा-कोयनाकाठच्या गावोगावी आमची कीर्तने चालतात. आरती होऊन सुंठवडा वाटला गेला, की हल्ली एक प्रश्न आम्हांस हमखास ऐकावा लागतो. "बुवा, मुलगा दिवसभर त्या काचेच्या पाटीवर मारुतीची चित्रे काढीत बसतो. ओळीने चौकटी, चौकटींत फुगे, फुग्यांत संवाद. हा अभ्यास म्हणावा की खेळ?" प्रश्न विचारणाऱ्यांच्या स्वरात राग नसतो, काळजी असते, म्हणूनच त्याचा विचार वरवर करून भागणार नाही. उत्सवाच्या निमित्ताने तो येथे यथामती मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चित्रांच्या मालिकेतून कथा सांगणे हा परदेशातून आलेला प्रकार नव्हे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने ही चित्रकथी आजतागायत सांभाळली आहे. पोथीतील एकेक चित्र समोर धरावे, वाद्याच्या साथीने प्रसंग गावा आणि मग पुढचे चित्र काढावे, अशी तिची रीत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. कीर्तनकार शब्दाने चित्र उभे करतो, चित्रकथी चित्राने शब्दास आधार देतो. दोघांचे कूळ एकच.

आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखास तर या बाबतीत मोठा वारसा आहे. खटाव तालुक्यातील औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे राजे होते, चित्रकार होते आणि स्वतः उभे राहून कीर्तन करणारे कीर्तनकारही होते. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. महाभारताची सचित्र चिकित्सक आवृत्ती निघावी म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेस त्यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले, आणि त्या ग्रंथाच्या चित्रांचे कामही अंगावर घेतले. मूळपीठनिवासिनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली उभारलेल्या त्यांच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आजही पाहावयास मिळते. त्याच औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी स्वाध्याय मंडळ स्थापून वेदग्रंथ छापले. सातवळेकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले निष्णात चित्रकार होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. औंध संस्थानातच वसलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली मासिक सुरू करणारे शंकरराव किर्लोस्कर याच पंडितजींपाशी लाहोरास चित्रकला शिकले आणि पुढे 'शंवाकि' या नावाने व्यंगचित्रे काढू लागले. वेदाचा पाठ आणि रेषेचा पाठ एकाच गुरूच्या घरी मिळत होता! तेव्हा देवाधर्माच्या घरात चित्रकला कशास, असे निदान आपण तरी म्हणू नये.

पुढे १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली 'अमर चित्र कथा' सुरू झाली. राम वाईरकरांनी रेखाटलेला 'कृष्ण' १९६९ मध्ये आला. पुण्याच्या प्रताप मुळीकांनीही त्या मालेसाठी पुष्कळ चित्रे काढली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येकांस पुराणकथांची पहिली ओळख आजीच्या मांडीवर झाली आणि दुसरी या पुस्तकांतून. हे सारे काम कागदावर, शाईने आणि कुंचल्याने होत असे. आता साधन बदलले आहे, एवढेच.

हे नवे साधन आहे तरी काय? एक सपाट पाटी आणि तीवर चालणारी लेखणी. लेखणीवर पडणारा दाब यंत्र मोजते. हात हलका ठेवला तर केसासारखी रेषा उमटते, दाबला तर कुंचल्यासारखी भरीव. स्वस्त पाटीस स्वतःचा पडदा नसतो. हात मेजावर फिरतो आणि नजर समोरच्या संगणकावर असते. पहिले काही दिवस हाताची व डोळ्याची जोडी जमत नाही. पेटी शिकणाऱ्याची बोटे पट्ट्यांवर अडखळतात तसेच ते असते. सरावाने ती जमते. 'क्रिटा'सारखे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, त्यामुळे आरंभी फार खर्च करण्याचे कारण नाही.

या साधनाची दोन वैशिष्ट्ये घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावीत. एक म्हणजे लेयर, अर्थात थर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे खाली कच्चे रेखाटन, त्यावर पक्की रेषा, रेषेखाली रंग आणि सर्वांवर अक्षरे असे वेगवेगळे थर ठेवता येतात. रंग बिघडला तरी रेषेस धक्का लागत नाही. दुसरे म्हणजे अन्डू. चुकलेली रेषा एका खुणेने नाहीशी होते. ही सोय मोठी, पण तिच्यात धोकाही तेवढाच आहे. शंभर वेळा पुसता येते म्हणून शिकणारा एकही रेषा निर्धाराने ओढीत नाही. कीर्तनात उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून कीर्तनकार तोंड उघडण्यापूर्वी विचार करतो. शिकणाऱ्यानेही रोज अर्धा तास अन्डूस हात न लावता चित्र काढावे. खांद्यापासून हात फिरवून लांब रेषा ओढाव्यात. थरथर झाकणारी रेषासुधारणेची सोय आरंभी बंदच ठेवावी. शेकडो तऱ्हांच्या कुंचल्यांचा मोह टाळून दोन-तीनच वापरावेत. चित्र वारंवार मोठे करून नखाएवढ्या भागात रमू नये, कारण वाचक पान पाहतो ते संपूर्ण पाहतो.

अभ्यासाचा क्रम आपल्या शास्त्रांनी केव्हाच सांगून ठेवला आहे. कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे मोजली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. पाटी यांतील केवळ शेवटच्या अंगास, म्हणजे रंगांच्या हाताळणीस, मोठी मदत करते. बाकीची पाच अंगे मनाने आणि डोळ्याने कमवावी लागतात. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजास मार्कंडेय मुनी सांगतात, की नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणे कठीण. लाटा, ज्वाळा, धूर आणि वाऱ्यावर हलणाऱ्या पताका ज्यास दाखविता येतात तो चित्रज्ञ, असेही तेथे म्हटले आहे. चित्रकथेचा प्राण नेमका हाच. तेथील हनुमंत नुसता उभा नसतो. तो झेपावतो, वळतो, थांबतो, हात जोडतो.

या अभ्यासासाठी आमच्या मुलखाएवढी सुंदर पाठशाळा दुसरी नसेल. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत: चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, मसूर आणि शहापूर. बहे व शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात, तर मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात. दैवत एक, रूपे अकरा! चाफळास रामासमोर हात जोडून उभा असलेला दासमारुती पाहावा आणि लगेच मंदिरामागचा प्रतापमारुती पाहावा. एकात सारे बळ नम्रतेत विसावलेले, तर दुसऱ्यात तेच बळ पुच्छ मस्तकावर उगारून सिद्ध झालेले. माजगावी वेशीवरच्या धोंड्यातून मूर्ती घडली, शहापूरचा मारुती चुन्याचा म्हणून ओळखला जातो, पारगावचा सर्वांत लहान. चित्रकथा काढणाऱ्यापुढील सर्वांत अवघड काम म्हणजे एकच पात्र प्रत्येक चौकटीत निराळ्या पवित्र्यात काढावे आणि तरी ते तेच आहे असे बालकासही ओळखू यावे. या अकरा ठिकाणी वही-पेन्सिल घेऊन बसावे, दर्शन घ्यावे, प्रमाणे टिपावीत आणि मग पाटीकडे वळावे. मूर्तीसमोर बसून काढलेल्या एका रेखाटनातून जे मिळते, ते पडद्यावरच्या शंभर चित्रांच्या नकलेतून मिळत नाही.

कथा रचण्याचे तंत्र कीर्तनाहून फार वेगळे नाही. आख्यानात कोठे वेगाने जावे, कोठे थांबावे आणि श्रोत्यास कोठे क्षणभर ताटकळत ठेवावे, हे ज्यास कळते त्याचे आख्यान रंगते. चित्रकथेत चौकटीची रुंदी म्हणजे काळ आणि दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे विराम. उजव्या पानाच्या अखेरीस उत्कंठा ठेवावी आणि पान उलटताच उलगडा करावा. म्हणून पाटी उघडण्यापूर्वी साऱ्या पानांचा आराखडा साध्या कागदावर लहान आकारात काढून घ्यावा.

वाळवा तालुक्यातील एका शाळकरी मुलीने बहे येथील कथेची आठ पाने आम्हांस दाखविली. प्रभू रामचंद्र कृष्णेच्या पात्रात शिवपूजेस बसले असता पूर आला आणि मारुतीने दोन्ही बाहू पसरून प्रवाह दुभंगला, अशी तेथील लोककथा आहे. मुलीने पूर सुरेख काढला होता, मारुतीही जोरकस होता. पण तिच्या आजीस संवाद लागेनात. अक्षरे बारीक, ओळी दाटलेल्या, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले. इंग्रजी पुस्तकांतील फुग्यांचे माप तिने जसेच्या तसे घेतले होते. देवनागरीस मात्रा वर आणि उकार खाली असतात. तिला ओळींमध्ये अधिक जागा द्यावी लागते.

यावर आम्ही तिला दासबोध उघडावयास सांगितले. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे सारखे दिसावे, तारुण्याच्या जोरात बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचवत नाही, भोवती कोरी जागा सोडावी म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर जात नाही. हा समर्थांचा उपदेश आजच्या चित्रकथेस शब्दशः लागू पडतो. छापखान्यात पान कापताना कडेचा मजकूर जातो, म्हणून आजही चोहोबाजूंनी जागा सोडतात. मुलीने 'मुक्त' हा विनामूल्य युनिकोड टंक मोठ्या आकारात घेतला आणि निम्मे शब्द गाळले. आता तिची आजी चष्मा पुसून ती आठ पाने शेजारणीस वाचून दाखविते. अभ्यास म्हणजे आणखी काय?

छपाईविषयी दोन शब्द. पानाचे मूळ चित्र इंचाला निदान ३०० ठिपके या मापाने काढावे. मागाहून वाढविल्यास ते पुसट होते. पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवितो, तर छापखाना निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने. म्हणून पडद्यावर लखलखणारा मारुतीचा शेंदूर कागदावर मलूल उतरतो. आधी एक पान छापून पाहावे आणि मगच साऱ्या पानांचे रंग ठरवावेत.

एक गंभीर गोष्ट उरते. नुसती आज्ञा देताच चित्र उभे करणारी यंत्रे आता आली आहेत. मग मुलाने वर्षानुवर्षे हात घासावा कशास, असे पालक विचारतात. आमचे उत्तर असे, की ध्वनिमुद्रिका आल्या म्हणून घरात आरती म्हणावयाचे आपण थांबलो नाही. रेषा ओढताना मूल मूर्तीकडे जितका वेळ एकाग्रतेने पाहते, तितका वेळ आपण मोठी माणसेही गाभाऱ्यात उभी राहत नाही. हे पाहणे यंत्राकडे सोपविता येत नाही. या कलेवर सर्वांचीच उपजीविका होईल असे आश्वासन कोणी देऊ नये. शाळेचा अभ्यास सांभाळून ती चालावी, रात्रीची झोप मोडू नये, डोळ्यांस विश्रांती मिळावी, ही शिस्त घरानेच लावली पाहिजे. परंतु ज्या घरात ही ओढ दिसेल तेथे ती मोडू नये.

या हनुमान जयंतीस गावोगावच्या उत्सवसमित्यांनी एवढे करावे: मुलामुलींनी काढलेली चित्रकथेची पाने छापून सभामंडपात ओळीने लावावीत आणि ज्यांनी ती काढली त्यांनाच त्यांसमोर उभे करून कथा सांगावयास लावावी. आख्यान सांगणारा एक नवा कंठ आणि रेषा ओढणारा एक नवा हात त्यातून गावास लाभला, तर उत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू. जय जय रघुवीर समर्थ!