मोहाचा हंगाम, अस्वल आणि शाळेतील मुले

दोन मित्र व अस्वल ही इसापनीतीतील गोष्ट बहुतेक शिक्षकांनी वर्गात सांगितलेली असते. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचे सोंग घेतो. अस्वल त्यास हुंगते व निघून जाते. मैत्रीचा बोध देण्यास गोष्ट उत्तम होय. परंतु पोंभुर्ण्याच्या परिसरातील जी मुले पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जातात, त्यांच्या मनात तीच बचावाची रीत म्हणून ठसण्याचा संभव आहे. म्हणून ती सांगताना दुरुस्तीही सांगणे अगत्याचे आहे.

आपल्या रानातील अस्वलाचा मुख्य आहार वाळवी व मुंग्या. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातील वाळवी ओढून घेते. तो फुरफुराट शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. याखेरीज टेंभरे, बोरे, जांभळे, मध आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले ते आवडीने खाते. माणूस हे त्याचे भक्ष्य नव्हे. ते गुदगुल्या करून माणसास मारते, ही समजूतही निराधार आहे. जखमा होतात त्या त्याच्या बोटाएवढ्या लांब नखांनी व दातांनी, आणि बहुधा डोक्यास व तोंडास.

मग ते अंगावर का येते? त्याचे नाक तीक्ष्ण असले तरी दृष्टी मंद असते. खाण्यात गुंतले असता माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास चाहूल लागत नाही, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी उलटते. ज्या रानात वाघ आहे तेथे पाठ दाखविण्यापेक्षा उलटणेच त्यास उपयोगी पडत आले असावे, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. पिल्ले बहुधा हिवाळ्यात जन्मतात व पुढे आईच्या पाठीवर बसून हिंडतात. त्यामुळे मोहाच्या दिवसांत मादी अधिकच सावध असते.

मोहफुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. अस्वल अंधारातच झाडाखाली येते. गुरांनी वा इतरांनी फुले नेऊ नयेत म्हणून माणूसही उजाडण्यापूर्वी निघतो. दोघेही खाली मान घालून वेचणारे! त्यात शाळा सकाळची असली की वेळेवर पोहोचण्यासाठी मूल आणखी लवकर रानात जाते. हा पेच शिक्षकाच्याच ध्यानात प्रथम येण्याजोगा आहे. हंगामात उशिरा येणाऱ्या मुलास दारात उभे करण्यापूर्वी ते कोठून आले, हे विचारावे. पालकसभेत एवढे तरी पटवावे की नीट उजाडल्याखेरीज मुलास पाठवू नये, एकटे कधीच पाठवू नये, आणि झाडाजवळ जाताना मोठ्याने बोलत, काठी आपटीत जावे. तेंदूपत्त्याच्या दिवसांतही हाच नियम.

वाटेत ताजी उकरलेली वारुळे किंवा फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसल्यास ती वाट सोडावी. अस्वल दूर असून त्याने पाहिले नसेल, तर आवाज न करता परत फिरावे. पाहिले असेल, तर सर्वांनी एकत्र राहून, पाठ न फिरविता, हळूहळू मागे सरावे. पळू नये, जड दिसले तरी ते माणसाहून वेगाने धावते. झाडावर चढण्यात अर्थ नाही, कारण मधासाठी तेही झाडावर चढते. पिल्लाजवळ तर मुळीच जाऊ नये. एवढे करूनही ते अंगावर आलेच, तर पालथे पडावे, तोंड जमिनीकडे करावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावी आणि ते दूर जाईपर्यंत उठू नये. गोष्टीतील मित्र पडून राहिला, एवढा भाग कामाचा; मात्र ते शेवटचे साधन होय, दुरून अस्वल दिसताच आडवे होण्याचे नव्हे.

केवळ सांगून ही गोष्ट अंगी मुरत नाही. कवायतीच्या तासाला मैदानावर मुलांकडून ती दोन-चार वेळा करून घ्यावी. मुले प्रथम हसतील, हसू द्यावे.

जखम झाल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी. रक्त फार वाहत असल्यास स्वच्छ फडके दाबून धरावे. हळद वा झाडपाला भरू नये. जखमीस विनाविलंब दवाखान्यात न्यावे व तेथे पिसाळरोगाच्या लसीबद्दल अवश्य विचारावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलास संरक्षण आहे, तसेच त्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्यास शासनाकडून अर्थसाहाय्यही मिळते. त्यासाठी वनरक्षकास तत्काळ कळवून पंचनामा करवून घ्यावा. पालकास लिहिता येत नसेल, तर अर्ज शिक्षकाने लिहून द्यावा.