घरात पाणी शिरले, तर कोणाला बोलवायचे आणि काय विचारायचे?



वर्षावास सुरू झाला की विहारात ग्रंथवाचन सुरू होते, आणि वस्तीत घराघरांतून गळक्या पत्र्याखाली पातेली मांडली जातात. उंबऱ्यावर विटांचा बांध, पोटमाळ्यावर चढवलेली अंथरुणे, भिंतीला पोपडे. हे सगळे आपण इतकी वर्षे पाहत आलो की त्याला आजाराचे कारण म्हणायचेच विसरलो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. 1927 साली ज्या महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून हक्क सांगितला, त्याच महाडात जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले. नाल्याकाठची, नदीकाठची, सखल जागा कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पाणी शिरल्यावर घर पुन्हा राहण्याजोगे करायला कारागीर लागतात. तिथेच गरीब घर दोनदा बुडते: एकदा पाण्यात, दुसऱ्यांदा पैशात. वस्तीत आरोग्याचे काम करताना आम्ही पाहतो की सणाच्या आधी भिंत रंगवली जाते आणि पुढच्या पावसात तोच डाग, तोच वास आणि मुलाला तोच दमा परत येतो. म्हणून या वेळी औषधाऐवजी कारागिराबद्दल बोलू.

आधी पाणी ओळखा

घरात आलेले पाणी तीन प्रकारचे असते. नळाची लाइन फुटून आलेले पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. छतातून गळणारे किंवा मोरीतून पाझरणारे पाणी घाण धुऊन आलेले. आणि गटार, नाला, संडासाचे चेंबर उलटून आलेले पाणी म्हणजे सरळ मैला. पुराचे पाणी नेहमी तिसऱ्या प्रकारात धरावे, दिसायला कितीही निवळ असो.

तिसऱ्या प्रकारच्या पाण्यात भिजलेली कापसाची गादी, उशी, धान्य, पीठ आणि औषधे ठेवू नका. जीव तुटतो हे आम्हाला कळते. पण गादी वरून वाळली तरी आत ओली राहते, आणि तिच्यावर लेकरू झोपते. स्टीलची भांडी, प्लास्टिक, लाकडी पलंग धुऊन वापरता येतो. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड भिजले असेल तर घडी जबरदस्तीने उलगडू नका. कोऱ्या कागदात ठेवून सावलीत, पंख्याखाली सपाट वाळवा.

सामान बाहेर काढण्याआधी फोटो काढा. भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढले त्या रेषेचा, भिजलेल्या सामानाचा, पडलेल्या भिंतीचा. पंचनाम्याला हेच फोटो उपयोगी पडतात.

पहिले दोन दिवस महत्त्वाचे

भिजलेल्या वस्तूवर बुरशी धरायला साधारण 24 ते 48 तास पुरतात. म्हणून पाणी ओसरताच दार-खिडकी उघडा, चिखल ओला असतानाच खरवडून काढा, फरशी साबणाच्या पाण्याने धुवा, मग ब्लीचिंग पावडरचे पाणी मारा. एक लिटर पाण्याला 15 ग्रॅम या मापाने दहा लिटरच्या बादलीला 150 ग्रॅम पावडर पुरते. दहा मिनिटे राहू द्या आणि मग धुवा. चिखलावरच पावडर शिंपडली तर ती वाया जाते. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपली घरे लहान, हवा जायला एकच दार.

कारागिरांचा क्रम

बहुतेक घरांत आधी रंगारी येतो. तो सर्वात शेवटी यायला हवा. क्रम असा ठेवा.

पहिला वायरमन. बोर्ड, स्विच किंवा वायर पाण्याखाली गेली असेल तर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावे लागत असेल तर हातही लावू नका. वीज कंपनीला कळवा. महावितरणचा तक्रार क्रमांक 1912 आहे. वायरमनला विचारा: परवाना आहे का? अर्थिंग तपासणार का? 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला किती लागतील? हा स्विच शॉक बसताच क्षणार्धात वीज तोडतो. लोखंडी पत्र्याच्या घरात एक सुटी वायर अख्ख्या भिंतीत करंट सोडते. म्हणून रंगाचा खर्च एक वर्ष थांबवा, पण हा खर्च करा. पाण्यात गेलेला फ्रिज, मिक्सर, टीव्ही दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय लावून पाहू नका. गॅसचा रेग्युलेटर भिजला असेल तर एजन्सीकडून तपासून घ्या. गॅस गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.

दुसरा प्लंबर. ओल उन्हाळ्यातही तशीच राहते का? मग ती पावसाची नाही. नळाची, मोरीची किंवा शेजारच्या घरातल्या पाइपची आहे. ती बंद झाल्याशिवाय भिंतीचे काम काढणे म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून सारवणे.

तिसरा मिस्त्री. पत्रे, कोबा, गिलावा, भेगा हे त्याचे काम. चौथा रंगारी, आणि तोही भिंत पूर्ण वाळल्यावर. विटांची भिंत वाळायला आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट मारला की पाणी आत कोंडते, लोणा फुटतो आणि पोपडे सुटतात.

ओल कुठून येते, हे घरीच तपासा

एक सोपी तपासणी आहे. भिंतीच्या ओल्या जागेवर हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर तो स्वयंपाकाच्या वाफेचा, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचा, हवा न खेळण्याचा आहे. अशा भिंतीला वॉटरप्रूफिंगचे हजारो रुपये घालण्यात अर्थ नाही. झरोका पाडा, एक्झॉस्ट पंखा लावा.

ओल जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच असेल आणि पांढरा लोणा दिसत असेल, तर ती जोत्यातून वर चढते आहे. पाऊस पडल्यावरच डाग मोठा होत असेल तर बाहेरची भेग किंवा पत्रा पाहा. एवढे ठाऊक असले की मिस्त्री तुम्हाला काहीही सांगून गुंडाळू शकत नाही.

आणि कोणी ओलीला वास्तुदोष म्हणत असेल, तर त्याला दारातूनच नमस्कार करा. बुद्धांनी आपल्याला दुःखाचे कारण शोधायला शिकवले. ओलीचे कारण पाइपात, पत्र्यात आणि भेगेत असते.

काम ठरवताना

पूर आला की दारोदार फिरणारे ठेकेदारही येतात. ‘आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल’ म्हणतात. घाई करू नका. दोघा-तिघांना घर दाखवा आणि प्रत्येकाला हेच विचारा:

ओलीचे कारण काय? जो भिंतीला हात न लावता, छतावर न चढता भाव सांगतो, त्याला काम देऊ नका.

काम उक्ते की रोजावर? उक्ते असेल तर माल-मजुरी धरून की फक्त मजुरी? मलबा कोण उचलणार?

माल कोणता आणि किती? वॉटरप्रूफिंगचा डबा सीलबंद आणा, आपल्यासमोर उघडा. डब्यावर किती पाण्यात किती मिसळायचे आणि किती तासांनी दुसरा हात द्यायचा ते लिहिलेले असते. घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला ते वाचायला बसवा.

याआधी आपल्या भागात कुठे काम केले? तिथे जाऊन त्या बाईला विचारा, पुरुषाला नव्हे. घरात कुठे गळते ते तिलाच माहीत असते.

ठरलेले सगळे साध्या कागदावर लिहा: नाव, फोन, पत्ता, काम, रक्कम, दिवस. दोघांची सही. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली आहे, ती इथेही चालवावी. पैसे टप्प्याने द्या. समजा बारा हजारांचे काम ठरले, तर सुरुवातीला तीन, अर्धे काम झाल्यावर चार, पूर्ण झाल्यावर तीन, आणि उरलेले दोन हजार चाचणी झाल्यावर. चाचणी म्हणजे मोरी किंवा गच्ची असेल तर पाण्याची वाट बंद करून 24 तास पाणी उभे ठेवायचे. पत्रा असेल तर वरून अर्धा तास पाणी सोडायचे. खाली थेंब आला नाही, तर हिशेब चुकता. ही अट आधीच सांगा. चांगला कारागीर ती मान्य करतो.

व्याजाने पैसे काढून सगळे काम एकदम करू नका. वीज आणि गळती आधी, भिंत पुढच्या हप्त्यात, रंग सवडीने.

जे काम पालिकेचे, त्याला आपला पैसा नको

गल्लीचे गटार, मुख्य चेंबर, रस्त्यातली जलवाहिनी हे पालिकेचे काम आहे. त्यासाठी वर्गणी काढण्याआधी विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मुंबईत 1916 आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक आहेत. भाड्याच्या घरात राहत असाल तर दुरुस्तीबद्दल घरमालकाला आधी लेखी कळवा.

आणि एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. चेंबर तुंबले म्हणून नाक्यावरून कोणाला तरी पाचशे रुपये देऊन आत उतरवू नका. मैल्याच्या टाकीतला वायू एका-दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरवली. पण त्या पैशाने बाप परत येत नाही. उतरणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. पालिकेची सक्शन गाडी मागवा.

कामाला येणाऱ्या मिस्त्री-बिगाऱ्यांचीही काळजी घ्या. जुने सिमेंटचे पत्रे बदलताना ते फोडू किंवा कापू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. पत्रे ओले करून अखंड उतरवा, तोंडाला चांगला मास्क हवा, मुले शेजारी पाठवा. बुरशी कोरडी झटकू नका. मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओली घासा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्या दिवशी त्याला दुसरीकडे ठेवा.

अंगावर काय येऊ शकते

उंदराच्या लघवीतले लेप्टोचे जंतू पुराच्या पाण्यातून पायाच्या भेगेवाटे, जखमेवाटे शरीरात जातात. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे साधारण 5 ते 14 दिवसांत, कधी महिनाभरानेही दिसतात. मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि ‘आम्ही पुराच्या पाण्यात चाललो होतो’ हे स्वतःहून सांगा. पाण्यातून चालल्यावर 72 तासांच्या आत दवाखान्यात गेलात, तर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देऊ शकतात. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर तसे सांगा, त्यांचे औषध वेगळे असते. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे असे दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. गंजका पत्रा लागला असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन.

ओलीमुळे टीबी होतो असे वस्तीत म्हणतात. टीबी जंतूने होतो, ओलीने नाही. पण हवा नसलेल्या कोंदट खोलीत तो एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो, आणि बुरशीने दमा, खोकला, सर्दी वाढते. म्हणून झरोका हेही औषधच.

एकट्याने नको, गल्लीने मिळून

एका गल्लीतल्या दहा घरांनी एकत्र मिस्त्री लावला तर माल घाऊक भावात मिळतो आणि कारागीरही टिकून काम करतो. वस्तीतल्या महिला मंडळाने एक वही ठेवावी: कोणत्या वायरमनचे, प्लंबरचे, मिस्त्रीचे काम टिकले, कोणाचे नाही, किती पैसे घेतले. आपल्याच पोरांपैकी कोणी आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला असेल, तर त्याचे नाव त्या वहीत सर्वात वर लिहा. वर्षावासात वाचन संपल्यावर पाच मिनिटे ती वही विहारात वाचावी.

आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन पुसून झोपवणारे तथागत आपले शास्ते आहेत. शेजारच्या आजीच्या घरात पाणी शिरले असेल, तर आपल्या घराआधी तिचा मेन स्विच बंद आहे का, तेवढे पाहून या.

नमो बुद्धाय. जयभीम.