परत आलेली पत्रे

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचे वार्तापत्र आता ई-मेलने जाते आणि पत्त्यांची यादी सांभाळणे माझ्याकडे आहे. प्रत्येक अंकामागोमाग काही पत्रे परत येतात. ती न वाचता फेकू नयेत. नकाराचे कारण त्यांतच असते.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या ई-टपालाच्या नियमांत उत्तर तीन आकडी असते. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती. पाठवणारे यंत्र आपण होऊन पुन्हा प्रयत्न करते. ५ असेल तर नकार पक्का. ५५० म्हणजे बहुधा त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही. असा पत्ता लगेच काढावा. मृत पत्त्यांवर सतत पत्रे धाडणारा संशयित ठरतो, आणि मग हौसेने वाट पाहणाऱ्यांचेही अंक स्पॅममध्ये पडतात. (परतीच्या सूचनेवर प्रेषकाचा पत्ता कोरा ठेवतात; नाहीतर दोन यंत्रे एकमेकांना परतपत्रे पाठवीत बसली असती!)

'पाठवू नका' म्हणणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचा पत्ता चालू असतो, इच्छा नसते. असे नाव नुसते पुसले, तर जुनी यादी जोडताच ते पुन्हा आत शिरते. म्हणून मी ते वेगळ्या पानावर लिहून ठेवतो आणि प्रत्येक अंकापूर्वी ताडून पाहतो. ज्याचा पत्ता बदलला त्याला फोन करून नवा विचारावा. 'नको' म्हणणाऱ्याला कारणही विचारू नये. "देणगीच्या आवाहनापुरते त्यांनाही पाठवू या, आपलीच माणसे ती," असे एक ज्येष्ठ सभासद परवा म्हणाले. ते पान मी त्यांना दिले नाही.