प्रत्येकी वीस रुपये

संगणक देणारा दाता मिळतो, पण त्या संगणकाचं लाइट बिल भरणारा मिळत नाही. समजा, उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये एका छोट्या खोलीत कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालते. वह्या वाटायला, वाढदिवसाला खाऊ द्यायला माणसं आनंदाने येतात. खोलीचं भाडं, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, हिशेब तपासणाऱ्या सीएची फी, यांसाठी मात्र पावती फाटत नाही. आणि अशी अभ्यासिका बंद पडते ती वह्या संपल्या म्हणून नव्हे, भाडं थकलं म्हणून!

हे दुखणं जगभर आहे. अमेरिकेत ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये त्याला ‘उपासमारीचं चक्र’ म्हटलं. दात्याला वाटतं, कार्यालयाचा खर्च कमीच असावा. पुढची मदत मिळावी म्हणून संस्था तो खर्च आणखी कमी करून दाखवते. तो आकडा पाहून दात्याची अपेक्षा अजून खाली जाते, आणि संस्था आतून पोखरली जाते. यावरचा एक सुंदर उपाय शंभर वर्षांपेक्षा जुना आहे.

त्याच्या मागची अडचण मोठी विलक्षण होती. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराचे एकेकाळचे महापौर ब्रायन मुलान्फी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गरीब प्रवाशांना वाटेत मदत मिळावी, म्हणून त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा मृत्युपत्रात लिहून ठेवला होता. पुढे रेल्वे आली, घोडागाड्यांचे तांडे संपले. पैसा होता, तो घेणारे प्रवासीच उरले नाहीत. दात्याचा हेतू निर्मळ होता, पण त्याची अट काळापुढे टिकली नाही.

क्लीव्हलंडचे वकील आणि बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी अशा अडकलेल्या पैशावर १९१४ मध्ये तोड काढली. अनेकांच्या देणग्या एकाच निधीत ठेवायच्या. मुद्दल बँकेने सांभाळायचं. उत्पन्न कुठे द्यायचं, हे मात्र शहरातल्या नागरिकांच्या समितीने ठरवायचं, आणि त्या समितीवर महापौर व न्यायाधीश यांनीही माणसं नेमायची. शहराची गरज बदलली की पैशाची वाटही बदलणार. दाता जातो, निधी राहतो, आणि दर पिढी आपल्या डोळ्यांनी पाहून तो वापरते! क्लीव्हलंड फाउंडेशन आजही चालू आहे, आणि तशा समुदाय प्रतिष्ठानांची संख्या आज जगात अठराशेच्या वर आहे. आपल्याकडे १९९१ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ याच धर्तीवर उभा राहिला.

महाराष्ट्राने या विचाराचा आपला एक अवतारही घडवला आहे. ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ हे त्याचं नाव. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही त्यामागची माणसं. आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी महाराष्ट्रभर केले आणि त्यातून निधी जमवला. तो बँकेत ठेवला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. हे मानधन एखाद्या ठरावीक प्रकल्पाला बांधलेलं नव्हतं. कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटती राहावी, म्हणजे त्याचं काम चालू राहील, इतका साधा आणि इतका खोल हिशेब त्यामागे होता. तिकीट काढून हसून घरी गेलेला प्रेक्षक नकळत एखाद्या कार्यकर्त्याच्या संसाराला हातभार लावून गेला!

मोकळा पैसा म्हणजे बेहिशेबी पैसा नव्हे. सार्वजनिक न्यासाला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावेच लागतात. मोकळेपणा असतो तो निर्णयात. जुलैत पावसाने खोलीत पाणी शिरलं, तर सहलीसाठी ठेवलेले पैसे गाळ काढायला वापरता आले पाहिजेत. २६ जुलै २००५ च्या पुराने उल्हास नदीकाठच्या गावांना हे चांगलंच शिकवलं आहे. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा आत हजारावर प्रवासी होते. अशी वेळ प्रस्ताव लिहून मंजुरी येईपर्यंत थांबत नाही.

दुसरा प्रश्न न्यायाचा. मदत कुणाला मिळते? बहुतेकदा ज्याला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो त्याला. कंपनी कायदा, २०१३ ने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, ही मोठीच गोष्ट. पण ते काम बाहेरच्या संस्थेला द्यायचं, तर तिच्या गाठीशी किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेमार्फत वस्तीतल्या छोट्या गटापर्यंत जाणारी वाट त्यामुळे बंद झाली. म्हणून गावातला पैसा आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा आहे. गावची समिती वस्तीत येऊन बसू शकते, सिंधीत, हिंदीत, मराठीत तोंडी म्हणणं ऐकू शकते, आणि निदान तीन वर्षांचा शब्द देऊ शकते.

उल्हासनगरला हे परकं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचं शहर झालं. सगळं गमावलेल्या या माणसांनी आपापल्या पंचायती उभ्या करून एकमेकांना सावरलं. त्याच वर्षी प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाची घडी बसवली. कॅम्प तीनमधलं चांदीबाई कॉलेज १९६५ मध्ये याच मंडळाने काढलं. मागच्या पिढीने राखून ठेवलेल्या पैशावर पुढची पिढी शिकते, हे या शहराने स्वतः करून दाखवलं आहे. आज इथे मराठी, सिंधी आणि उत्तरेतून आलेली अनेक कामगार कुटुंबं शेजारी-शेजारी राहतात. तो जुना आधार आता आपापल्या पंचायतीच्या, मंडळाच्या उंबऱ्याबाहेर यायला हवा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून एक निधी, आणि समितीवर कारखानदाराच्या बरोबरीने शिलाई कामगार बाई: हे चित्र मला शक्य कोटीतलं वाटतं.

कारण हिशेब मांडून बघा. २०११ च्या जनगणनेत एकट्या उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती. पाच लाख माणसांचे प्रत्येकी वीस रुपये म्हणजे एक कोटी. मुद्दलाला हात न लावता, सहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाला सहा लाख, दरमहा पन्नास हजार. एवढ्यात चार-पाच अभ्यासिकांचं भाडं, लाइट बिल आणि ताईंच्या मानधनातला वाटा निघू शकतो. पुढच्या वर्षीही निघेल, त्याच्या पुढच्या वर्षीही. महागाईवर मात करायची तर मुद्दलात भर घालत राहावी लागेल, पण सुरुवात वीस रुपयांनी होऊ शकते. ती कुणी करायची, एवढंच तीन शहरांतल्या माणसांनी एकत्र बसून ठरवायचं आहे.