‘माझ्याकडे सायकल आहे’ हे जर्मनमध्ये कसं सांगाल? इंग्रजीपेक्षा मराठीच जास्त कामाला येते!

जोडीदार जर्मनीत नोकरीला असेल आणि तुम्हाला तिकडे राहायला जायचं असेल, तर व्हिसासाठी काही जणांना आधी जर्मनची ए१ परीक्षा पास व्हावं लागतं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या या परीक्षेत १०० पैकी किमान ६० गुण हवेत. तोंडी परीक्षा सुरू होते ती स्वतःच्या ओळखीपासून. नाव, वय, देश, गाव, भाषा, काम आणि शेवटी छंद.

आपण इथे मनातल्या मनात इंग्रजी वाक्य तयार करतो आणि अडकतो. खरं तर मराठी जास्त जवळची आहे.

‘माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर’ हे बघा. जर्मनमध्ये ‘मायन ब्रूडर, मायने श्वेस्टर, मायन हाउस’. म्हणजे वस्तूच्या लिंगाप्रमाणे ‘माझा’ बदलतो आणि लिंगंही आपल्यासारखीच तीन! फक्त ती जुळतीलच असं नाही. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी, पण सूर्य तिकडे स्त्रीलिंगी. त्यामुळे प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करायचा, याला शॉर्टकट नाही.

आता ‘आहे’कडे येऊ. आपण ‘मला भाऊ आहे’ आणि ‘माझ्याकडे सायकल आहे’ असं वेगवेगळं म्हणतो. जर्मनला दोन्हीसाठी एकच क्रियापद पुरतं, ‘हाबेन’. भूकसुद्धा त्यातच बसते: ‘इश हाबे हुंगर’, म्हणजे मला भूक लागली आहे.

पण खरी गंमत (आणि गुण जाण्याची जागा) पुढे आहे. ‘हाबेन’नंतर पुल्लिंगी शब्द आला की ‘आयन’चं ‘आयनेन’ होतं. बाकी दोन लिंगांत काहीच बदलत नाही.

इश हाबे आयनेन ब्रूडर. (मला एक भाऊ आहे.)
इश हाबे आयने श्वेस्टर. (मला एक बहीण आहे.)
इश हाबे आयन फारराट. (माझ्याकडे सायकल आहे.)

वस्तू नसेल तर पुढे फक्त ‘क’ लावा: कायनेन, कायने, कायन. ‘इश हाबे काय‌न आउटो’, माझ्याकडे कार नाही. आणि हो, जर्मनमध्ये ‘हँडी’ म्हणजे मोबाइल!

छंदांचं प्रकरण त्यामानाने सोपं. ‘आवडतं’साठी वेगळं क्रियापद शोधत बसू नका. जे करता ते सांगा आणि क्रियापदामागे ‘गेर्न’ ठेवा, म्हणजे ‘आवडीने’. ‘इश कोखे गेर्न’, मी आवडीने स्वयंपाक करते. ‘इश श्पीले गेर्न क्रिकेट’. आवडत नसेल तर ‘निश्ट गेर्न’.

समोरच्याला विचारताना मात्र अहो-जाहो सांभाळा. मैत्रिणीला ‘वास माख्स्ट डू गेर्न?’, म्हणजे तुला काय करायला आवडतं? परीक्षकाला किंवा अनोळखी माणसाला ‘वास माखेन झी गेर्न?’