पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

इचलकरंजीकरांनो, मूकपटातली विनोदी नटी म्हटलं की जाणकार लगेच अमेरिकेतल्या मेबल नॉरमंडचं नाव घेतात. 1914 साली चॅप्लिन नवखा होता, तेव्हा ही बाई त्याच्यासोबत कामही करत होती आणि दिग्दर्शनही.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1913 मध्ये, आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये तेराएक वर्षांची कमला कामत मोहिनी झाली. आई दुर्गाबाई कामत पार्वती! ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंखे नावाच्या पुरुषाने केली होती, हे लक्षात घ्या. बायका सिनेमात यायला तयारच नव्हत्या.

मोहिनी नाचते, भस्मासुर हुबेहूब नक्कल करतो. ती डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो आणि भस्म! आवाज नाही, सगळी मदार हातवाऱ्यांवर. माझ्या मते विनोदी नटीची खरी परीक्षा अशाच प्रसंगात असते. (फाळक्यांनी त्याच सुमारास ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी मूकपटही काढला.)

पुढे कमलाचं रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. त्यांच्या माघारी तीन मुलांना कमलाबाईंनी रंगभूमीवर राबून वाढवलं, प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. मुलगा चंद्रकांत गोखले आपल्या शेजारच्या मिरजेत जन्मलेला. विक्रम गोखले कमलाबाईंचा नातू. 1980 च्या ‘गहराई’तही त्या दिसल्या.

रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपट मिळाला तर चुकवू नका. आणि कुणाच्या घरी जुन्या नाटक कंपन्यांच्या जाहिराती पडून असतील, तर फोटो इथे जरूर टाका.