क्षारपड रानातली कण्हेर

शिरोळ तालुक्यात काळ्या जमिनीचा निचरा कमी. त्यात उसाला भरमसाट पाणी. परिणामी कितीतरी रान क्षारपड झाले आहे. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले, की परासरणामुळे मुळांना पाणी ओढणे कठीण जाते. रान ओले, रोप तहानलेले! कण्हेर हे क्षार बरेच सोसते. तिच्या पानाची खालची बाजू भिंगातून पाहा. बारीक खड्डे दिसतील. पर्णरंध्रे या केसाळ खड्ड्यांत दडलेली असतात. तिथली दमट हवा वाऱ्याने सहज हलत नाही, म्हणून बाष्प कमी उडते. पावसाळ्याच्या तोंडी वीतभर फांदी रोवली, की झाले. मात्र कण्हेर सर्वांगी विषारी. चीक लागलेले हात साबणाने धुवा आणि छाटलेल्या फांद्या वैरणीजवळ टाकू नका. वाळलेली पानेही विषारीच राहतात.